वॉक्साहाचीचं कोर्टहाउस, १:५० : यंदाच्या गणपती देखाव्याच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. यंदा घरच्या गणपतीला देखावा म्हणून वॉक्साहाचीचं जुनं कोर्टहाउस करायचं. इथे डॅलसकडे दरवर्षी कुणाकडे केदारनाथ असतं, कुणाकडे रायगड, कुणाकडे पंढरीची वारी, ते सगळं छानच असतं, पण आपण राहतो त्या मुलखातलं काहीतरी करावं असं बरेच दिवस डोक्यात होतं आणि दक्षिणेला जरा गाडी हाणली की अशी इमारत उभी आहे जिच्यासमोर मान आपोआप वर जाते.

तिकडे घरी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आपल्याकडचा छोटा जिल्हा समजा. प्रत्येकीचं एक मुख्य गाव, त्या गावाच्या मधोमध चौकोनी मोकळी जागा, तिच्यात कोर्टहाउस आणि चारी बाजूंनी दुकानांच्या रांगा. नाव कोर्टहाउस असलं तरी तिथे फक्त खटले चालत नव्हते. जमिनीची खरेदीखतं, टॅक्स, लग्नाचं लायसन, इतकंच काय गुरांवर डागायच्या खुणांची नोंदसुद्धा तिथेच. आणि काउंटीचा कारभार बघणारं कमिशनर्स कोर्ट पण तिथेच बसतं, म्हणजे एक काउंटी जज आणि चार कमिशनर. बाबा सध्या साताऱ्याहून आलेत, आयुष्यभर कोर्टात स्टेनो होते, ते ऐकून म्हणाले, "म्हणजे जिल्हा परिषद, तहसील, सबरजिस्ट्रार आणि कोर्ट सगळं एका छपराखाली, बरंय की."

स्केल १:५०. डायनिंग टेबल महिनाभर गेलं असं समजा, घरी सांगून टाकलंय.

७ जून, शनिवार

वॉक्साहाचीला जाऊन आलो. मी, बाबा आणि मुलगी. तिच्या हातात एक मीटरची काळी-पांढरी पट्टी रंगवलेली काठी दिली होती, ती भिंतीला टेकवून उभी राहायची आणि मी समोरून फोटो घ्यायचा, म्हणजे नंतर फोटोवरून दगडांचे थर मोजता येतात. ही सगळ्यात सोपी पद्धत, आणि इमारतीला हात न लावता होते.

जवळून पाहिलं तर पहिली जाणवते ती दगडाची जातच वेगळी. खालचा बराचसा भाग गुलाबी-करडा ग्रॅनाइट, आणि त्यात लाल वालुकाश्माचे पट्टे, कमानी, खांबांची शीर्षं. ग्रॅनाइटचा पुढचा भाग मुद्दाम ओबडधोबड ठेवलाय, घडवताना फक्त कडा सरळ केल्यात, बोट फिरवलं तर कडेला टाकीचे बारीक घाव एकामागे एक लागतात आणि मध्ये आलं की दगड एकदम फुगीर, खडबडीत. सकाळी तिरकं ऊन असताना प्रत्येक दगडाची सावली वेगळी पडते आणि भिंत जिवंत वाटते, दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. मॉडेलला रंग देताना हे लक्षात ठेवायचंय.

बाबांनी तीन चकरा मारल्या आणि एक गोष्ट बरोबर पकडली. म्हणाले, "दार कुठंय? समोर मोठं दार असतं ना सरकारी इमारतीला, इथे तर कोपऱ्यातून आत जायचं दिसतंय." तोच तर सगळा मुद्दा आहे या इमारतीचा.

८ जून, रविवार

गॉर्डनबद्दल, म्हणजे या कोर्टहाउसच्या आर्किटेक्टबद्दल. जेम्स रायली गॉर्डन, जन्म १८६३ व्हर्जिनियातला, लहानपणी सॅन अँटोनियोला आला. या कामाच्या वेळी तिशीच्या आसपासचा पोरगा. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात टेक्सासची इमारत त्याचीच होती, पुढे फिनिक्सचं ॲरिझोना कॅपिटल पण त्याचं. टेक्सासमध्ये त्याने १८ कोर्टहाउस केली, त्यातली १२ अजून उभी आहेत. नंतर न्यूयॉर्कला गेला, १९३७ ला वारला.

शैली म्हणाल तर रोमनेस्क. जाड भिंती, अर्धगोल कमानी, आखूड जाड खांब, मनोरे. बॉस्टनच्या एच. एच. रिचर्डसनने ही शैली अमेरिकेत अशी काही रुजवली की तिला त्याचंच नाव पडलं, पिट्सबर्गचं ॲलेघनी काउंटी कोर्टहाउस त्याचं, ते पुरं व्हायच्या आत १८८६ ला तो गेला पण मग गावोगावी तसल्या इमारती उठायला लागल्या. पुष्कळ जणांनी फक्त कमानी आणि मनोरे उचलले. गॉर्डनने त्या कपड्याच्या आत स्वतःचा नकाशा घातला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

१३ जून, शुक्रवार

रात्री नकाशा काढायला बसलो. मूळ आकार अधिकाच्या चिन्हाचा, चारही हात जवळपास सारखे. दोन हात जिथे मिळतात त्या चार आतल्या कोपऱ्यांत खांबांचे व्हरांडे. प्रवेश तिथून, म्हणजे तिरका. व्हरांड्यातून आत आलं की थेट मध्यावर पोचतो, मध्ये जिना, आणि जिन्याच्या बरोबर डोक्यावर तो उंच मनोरा.

आता याने काय साधलं बघा. प्रत्येक ऑफिस एका हातात, त्यामुळे तीन बाजूंना खिडक्या मिळतात. व्हरांडा कायम सावलीत, तिथली हवा त्यातल्या त्यात गार, ती आत ओढली जाते, मध्यात येते, तापते, हलकी होते आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढून मनोऱ्याच्या झडपांतून बाहेर पडते. हवा वर गेली की खाली जागा रिकामी, परत व्हरांड्यातून नवी हवा. मनोरा म्हणजे धुरांडंच, फक्त धुराऐवजी उष्मा बाहेर टाकणारं. आपल्या वाड्यातला मधला चौक हेच काम करतो की, चारी बाजूंच्या खोल्यांतली गरम हवा चौकातून वर जाते, इथे चौकावर मनोरा चढवलाय एवढंच.

लोक घड्याळाचा फोटो काढतात आणि जातात. मला या देखाव्यात हेच दाखवायचंय की तो मनोरा रुबाबासाठी जेवढा आहे तेवढाच उन्हाळ्यासाठी पण आहे. विजेचा पंखासुद्धा जिथे नवलाचा होता त्या काळात, चाळीस डिग्रीच्या टेक्सासमध्ये, लोकरीचा कोट घातलेले वकील आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेलं गाव, त्यांना श्वास घेता यावा म्हणून कुणीतरी एवढा विचार केला होता.

१५ जून, रविवार

जुनी कागदपत्रं धुंडाळली. सॅनबॉर्नचे फायर इन्शुरन्सचे नकाशे ऑनलाइन मिळतात, विमा कंपन्यांसाठी काढलेले, प्रत्येक इमारत कशाची आहे ते रंगावरून कळतं. पिवळी म्हणजे लाकडी, गुलाबी म्हणजे विटांची, निळी म्हणजे दगडी. चौकाचा नकाशा करायला याच्यासारखं साधन नाही. शिवाय १९७० च्या दशकात सीग्रम कंपनीच्या पैशाने देशभरातल्या काउंटी कोर्टहाउसचे फोटो काढले गेले होते, ते आता लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, मोठ्या कॅमेऱ्याचे, इतके स्वच्छ की दगडांचे सांधे मोजता येतात. उंचीचे सगळे आकडे मी तिथून आणि काठीच्या फोटोंवरून ताडून घेतले.

२१ जून, शनिवार

डिकेटरला गेलो, फोर्ट वर्थच्या वायव्येला, वाइज काउंटी. हे पण गॉर्डनचंच, १८९६ चं, वॉक्साहाचीची सख्खी बहीण. तोच अधिकाचा नकाशा, तेच कोपऱ्यातले व्हरांडे, तोच मधला मनोरा. पण हे जवळपास सगळं गुलाबी ग्रॅनाइटचं, त्यामुळे गंभीर दिसतं, वॉक्साहाचीच्या लाल पट्ट्यांची लगबग इथे नाही. दगड बर्नेट काउंटीचा. ऑस्टिनचं कॅपिटल १८८८ ला पुरं झालं तेही तिकडच्याच ग्रॅनाइटचं, त्यासाठी खास डोंगरापर्यंत रेल्वे नेली होती, मग पुढे रेल्वे आणि खाण दोन्ही तयार असल्यावर बाकीच्या काउंट्यांना पण तो दगड परवडायला लागला. (१८८८ म्हणजे आपलं व्हीटी पण त्याच साली पुरं झालं, दोन्हीकडे एकाच वेळी दगडावर दगड चढत होते हे वाचून बाबा बराच वेळ त्यावरच बोलत होते.)

मला दोन्हींतली वॉक्साहाचीचीच जास्त आवडते. पण डिकेटर बघितल्याशिवाय गॉर्डनचा नकाशा किती पक्का होता ते कळत नाही. तोच सांगाडा, वेगळा दगड, आणि दोन वेगळ्या स्वभावाच्या इमारती.

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. आज मुद्दाम लिहितोय कारण वॉक्साहाचीच्या कोर्टहाउसची कोनशिला ४ जुलै १८९५ ला बसवली होती, आज १३० वर्षं झाली.

पैशाचं गणित. वॉक्साहाचीची एलिस काउंटी स्थापन झाली १८४९ ला, पुढच्या वर्षी वॉक्साहाची मुख्य गाव ठरलं, एमरी रॉजर्स नावाच्या माणसाने गावासाठी जमीन दिली. पहिलं कोर्टहाउस ओंडक्यांचं होतं. आत्ताचं चौथं. आधीच्या तिघांची कुणाला फार आठवण नाही आणि हे चौथं मात्र पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास खर्चून बांधलं, त्या काळात, शेतकऱ्यांच्या काउंटीत. कसं काय? तर कापूस. एलिस काउंटीची काळी जमीन, आपल्या विदर्भासारखीच चिकट काळी, आणि रेल्वे आल्यावर कापूस थेट बाजारात. दुसरं म्हणजे १८८१ चा कायदा, ज्याने काउंट्यांना कोर्टहाउससाठी बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढायची मुभा दिली. मग काय, या काउंटीने बांधलं की शेजारच्या काउंटीला गप्प बसवेना. एका पिढीत टेक्सासभर ही दगडी कोर्टहाउस उभी राहिली ती अशी. नुसती चढाओढ म्हणून मी याकडे बघत नाही. कालपर्यंत लाकडी खोक्यात भरणारं कोर्ट दगडात आलं म्हणजे आपली खरेदीखतं टिकणार, आपण इथून उठून जाणार नाही, असं त्या लोकांना वाटलं असणार.

१२ जुलै, शनिवार

भिंती कापल्या. पाच मिलिमीटर फोम बोर्ड आतून, बाहेरून पातळ बास लाकूड, लेझरने लायब्ररीच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांसाठीच्या वर्कशॉपमध्ये, कापलं. दगडांचे सांधे लेझरने कोरून घेतले, पण सगळे थर सारख्या उंचीचे नाहीत, मोठा थर मग बारीक मग मोठा, ते फाइलमध्ये हाताने बसवायला आठवड्यातल्या सगळ्या रात्री गेल्या. कमानींचे दगड वेगळे कापले, प्रत्येक पाचरीच्या आकाराचा, आणि एकेक करून चिकटवले. त्याशिवाय कमान खरी वाटत नाही, नुसता अर्धगोल कापला की केकवरच्या सजावटीसारखं दिसतं.

मध्यभागची पोकळी रिकामी ठेवलीय, तळापासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत. जिना तारेचा केलाय, हवा अडू नये म्हणून.

१९ जुलै, शनिवार

खांबांची शीर्षं. हा भाग सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात आनंदाचा.

व्हरांड्याच्या खांबांवर लाल दगडात चेहरे कोरलेत. काही सुंदर बायकांचे, लाटांसारखे केस, शांत डोळे. आणि काही भयंकर, दात विचकलेले, गाल फुगलेले, डोळे वटारलेले. गावात एक गोष्ट सांगतात की बाहेरून आलेला एक पाथरवट जिथे राहायचा तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला, तिचाच चेहरा कोरत गेला, तिने नकार दिला आणि मग चेहरा हळूहळू विद्रूप होत गेला. गाइड रंगवून सांगतात. इतिहासाचे अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत, आणि मलाही पटत नाही, कारण पानांत लपलेले वेडेवाकडे चेहरे ही रोमनेस्कची जुनी रीतच आहे, युरोपातल्या चर्चवर शेकडो वर्षं तसले चेहरे आहेत. मला तर या गोष्टीने पाथरवटावर अन्यायच होतो असं वाटतं. एवढं कठीण कसब, वालुकाश्मात ओठाची कड अशी उचलायची की सव्वाशेच्या वर वर्षांच्या वाऱ्या-पावसानंतरही ती दिसावी, आणि आपण त्याचं श्रेय प्रेमभंगाला देऊन मोकळे.

मुलीने पॉलिमर क्लेचे चेहरे केले, दाताच्या कोरणीने. एका विद्रूप चेहऱ्याची जीभ तिने बाहेर काढलीय, ती राहू दिली.

२६ जुलै, शनिवार

हिल्सबरोला गेलो, वॉक्साहाचीच्या खाली, हिल काउंटी. हे गॉर्डनचं नाही, डब्ल्यू. सी. डॉडसनचं, १८९० चं, चुनखडीच्या दगडाचं, फ्रेंच धाटणीची उतरती छपरं. १ जानेवारी १९९३ ला याला आग लागली, मनोरा आत कोसळला, बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. पाडून नवीन बांधा म्हणणारे होतेच. पण लोकांनी पैसे जमवले, गायक विली नेल्सन तिथल्याच ॲबट गावचा, त्याने मदतीसाठी कार्यक्रम केला, आणि १९९९ ला इमारत परत उभी राहिली.

बाबा समोरच्या बाकावर बसून आगीबद्दलच विचारत होते, आणि कागदांचं काय झालं, हा त्यांचा पहिला प्रश्न. टेक्सासमध्ये आधीची कितीतरी कोर्टहाउस जळली, कागद गेले की कुणाची जमीन कुठपर्यंत हे सांगणारं कुणी नाही. म्हणून नंतरच्या इमारतींत रेकॉर्डसाठी जाड भिंतींच्या, लोखंडी दारांच्या खोल्या आल्या. बाबा म्हणाले, "आमच्याकडे रेकॉर्ड रूमचा शिपाई रात्री स्वतः दिवे बघून जायचा, साहेबांना विचारायचा पण नाही." रेकॉर्ड रूम दाखवायलाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून मॉडेलमध्ये एका हाताची बाहेरची भिंत उघडता येईल अशी केली आणि आत लहान फडताळं, कापडी बांधणीच्या वह्या. त्या वह्या बाबांनी स्वतः केल्या, लाल रेघेसकट.

३ ऑगस्ट, रविवार

रंग. आधी सगळ्यावर करडा बेस, मग स्पंजने गुलाबी, मग प्रत्येक दगडाला थोडा वेगळा हात. एका रंगात सगळी भिंत मारली की प्लास्टिक दिसतं. लाल पट्ट्यांना वीटकरी न देता जरा तपकिरी झाकेचा लाल. शेवटी कडांना पांढुरका कोरडा ब्रश, टाकीच्या घावांसाठी. सात जूनला काढलेला सकाळच्या उन्हातला फोटो समोर चिकटवून ठेवला होता. जवळपास तसं आलंय. समाधान आहे.

१० ऑगस्ट, रविवार

आज हवेची परीक्षा. पोकळीच्या तळाशी चाळीस वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला, पंधरा मिनिटं तापू दिला, घरातला एसी बंद, पंखे बंद, सगळे बाजूला उभे. मग एका कोपऱ्यातल्या व्हरांड्यासमोर उदबत्ती धरली.

धूर सरळ वर जात होता तो खांबांपाशी आला आणि वाकला. खरोखर वाकला, आडवा झाला आणि दोन खांबांच्या मधून आत गेला. काही क्षण काहीच नाही. मग मनोऱ्याच्या झडपांतून बारीक निळसर रेघ बाहेर. मुलगी ओरडलीच. दुसऱ्या कोपऱ्यात धरली, तिथेही तसंच. मनोऱ्याच्या झडपा कागदाने झाकल्या तर धूर व्हरांड्यातच घुटमळतो, कागद काढला की परत आत. व्हिडिओ घेतलाय तिन्ही वेळचे.

१६ ऑगस्ट, शनिवार

प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहून ठेवतो कारण देखाव्यापुढे कुणीतरी हे विचारणार. आत बल्ब आहे म्हणून धूर वर जातो. खऱ्या इमारतीत भर दुपारी जाड दगडामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार असू शकते, मग ओढ कमी पडणार. मला वाटतं तेव्हा दोन गोष्टी मदतीला येत असणार, एक तर मनोऱ्याचा वरचा भाग उन्हात तापतो, आणि दुसरं वर वाहणारा वारा झडपांतून हवा खेचतो. संध्याकाळनंतर मात्र दगडाने दिवसभर साठवलेली उष्णता आणि बाहेरची गार होत जाणारी हवा, तेव्हा हे सगळं जोरात चालत असणार. म्हणजे रात्रीतून इमारत स्वतःला धुऊन सकाळच्या कामासाठी तयार. हे पाटीवर दोन ओळींत लिहायचं.

आणि दुसरी पाटी, पुढे काय झालं याची. विसाव्या शतकाच्या मध्यात एसी आले तसे गावोगावच्या कोर्टहाउसमध्ये उंच कोर्टरूमना खोटी छतं मारली, खिडक्या बंद केल्या, जिन्यांच्या पोकळ्या भरून ऑफिसं काढली. सोय म्हणून केलं, वाईट हेतू नव्हता, पण इमारत ज्या युक्तीवर उभी तीच बुजली. १९९८ मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेने, टेक्सासची कोर्टहाउस देशातल्या सर्वांत धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली, १९९९ ला राज्याने खास निधी सुरू केला, टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनतर्फे. काउंटीने काही वाटा घालायचा, राज्याने उरलेला. वॉक्साहाचीचं काम सुरुवातीच्या फेऱ्यांतच झालं. आज राज्यात सत्तरच्या वर कोर्टहाउस अशी पूर्ण दुरुस्त झालीत. सरकारी योजना किती छान चालू शकते याचं हे उदाहरण मी कुणालाही देतो.

२४ ऑगस्ट, रविवार

बैठक मांडली. मागे कोर्टहाउस, पुढे चौरंग, मधे चौकाची हिरवळ. बाप्पाला इमारतीच्या आत बसवू नका असं आईने फोनवर बजावलं होतं, तसंही तो विचार नव्हताच. चारी बाजूंची दुकानं पुठ्ठ्याची, सॅनबॉर्नच्या नकाशाप्रमाणे जागच्या जागी, पण मुद्दाम साध्या राखाडी रंगात म्हणजे नजर मध्यावर जाते. घड्याळाचे काटे मुलीने आरतीच्या वेळेला लावलेत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल स्थापना झाली. आज संध्याकाळी साठ-सत्तर लोक येऊन गेले. आरतीनंतर उदबत्तीचा प्रयोग तीन-चारदा करावा लागला, मोठ्यांपेक्षा पोरांची मागणी जास्त. इथे वीस वर्षं राहणारे एक काका म्हणाले, आम्ही त्या गावात दर वसंतात फुलं बघायला जातो आणि आजवर त्या व्हरांड्यात पाय ठेवला नव्हता. एका काकूंनी रेकॉर्ड रूम उघडून बाबांना वह्यांबद्दल विचारलं, मग बाबा अर्धा तास तिथून हलले नाहीत.

१ सप्टेंबर, सोमवार

काल विसर्जन झालं, बादलीत, घरीच. मॉडेल मोडायचं नाही. लायब्ररीने मुलांच्या विभागात दोन महिने ठेवायला मागितलंय, त्यासाठी बल्ब काढून तिथे लहान हीट पॅड बसवतोय आणि उदबत्तीच्या जागी हलक्या रेशमी धाग्याचे तुकडे व्हरांड्याच्या कमानींत टांगणार, हवा आत शिरली की ते आत झुकतात, आज सकाळी करून बघितलं, चालतंय. दोन्ही पाट्या इंग्रजीत लिहायच्या राहिल्यात. उद्या ऑफिस सुटल्यावर मॉडेल पोचवायचं, मनोरा वेगळ्या खोक्यात.